जाड तरूलाच डेंगळे

कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले की पहिला संशय बियाण्यावर जातो, आणि तो जायलाच हवा. डेंगळ्याची खोड वाणागणिक कमी-जास्त असते. पैदासकार पिढ्यानपिढ्या असली झाडं उपटून टाकतात तेव्हा कुठे वाण सुधारतो. खरिपाचं बी रब्बीला पेरलं गेलं तर शेतच्या शेत फुलोऱ्यात जाऊ शकतं. म्हणून बेळगावजवळच्या काकतीच्या पुढच्या शिवारातून तक्रार आली तेव्हा मीही पाहणीच्या मंडळींबरोबर आधी पाकीट बघायचं ठरवूनच निघाले. भाजीपाल्याचा फुलोरा हा माझ्या अभ्यासाचा विषय, त्यामुळे अशा वेळी मला बोलावणं येतं. फेब्रुवारी नुकता लागला होता.

पातीच्या वर दांडेच दांडे उभे होते, प्रत्येकाच्या टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला कळ्यांचा गोंडा. एक कांदा उपटून उभा चिरला. बाहेरच्या पाकळ्या भरलेल्या, पण मधोमध कठीण पांढरा दांडा थेट बुडापर्यंत गेलेला. असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. दांडा वाळला की त्याच वाटेनं कूज आत शिरते.

"बियाणं बोगस हाय मॅडम, दुसरं काय नाही," शेतकरी म्हणाला. पाकीट आणि पावती त्यानं जपून ठेवली होती. दुकानदारही आला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, जे काय ते आमच्याकडे बघून. पंचनामा कानडीत लिहिला जात होता, वाद मराठीत चालला होता.

पाकीट रब्बीच्या वाणाचं निघालं, मुदतही शिल्लक होती. त्याच लॉटचं बी शेजारच्या रानात होतं, म्हणून तिकडे गेलो. तिथं डेंगळे शोधावे लागत होते. पाहणीतल्या एकानं लगेच 'बियाण्यात दोष नाही' असं लिहायला घेतलं. मी थांबवलं. शेजाऱ्याकडे डेंगळे नाहीत एवढ्यानं याच्याकडे का आले ते कळत नाही, आणि ज्याचं पीक गेलंय त्याला ते कळायलाच हवं.

युरिया कधी, किती दिला ते विचारलं, कारण नत्र कमी पडलं तरी डेंगळे वाढतात. फवारलेल्या टॉनिकचा डबाही मागून घेतला. त्यात जिबरेलिन, म्हणजे झाडाची वाढ घडवणारं संप्रेरक, असलं तर त्याची ताकद मोठी असते. 1957 साली वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन लांग यांनी गाजराला थंडी न दाखवता नुसत्या जिबरेलिनवर फुलोऱ्यात आणलं होतं. इथं तसलं काही नव्हतं, खतही वेळेवर पडलं होतं.

मग बांधाकडचे वाफे नजरेत आले. तेच पाणी, तेच खत, आणि डेंगळा जवळजवळ नाही. शेतकऱ्याची आई तिथंच खुरपत होती. तिला तरूबद्दल, म्हणजे लावणीच्या रोपांबद्दल, विचारलं.

"आजी, ह्या वाफ्यातलं तरू वेगळं होतं काय?"

"तरू एकच की. जाड जाड निवडून आधी लावलं, बारीक ऱ्हायलं ते हिकडं सारलं. काय बघूलालाय एवढं?"

मी तिच्याजवळ बसलेच. तरूच्या मुळ्या, म्हणजे जुड्या, तिनं आणि सुनांनी बांधल्या होत्या, कुठली मुळी कुठल्या वाफ्यात गेली ते तिला पाठ होतं. सगळं उलगडलं ते तिच्या सांगण्यातून, आणि तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

कांदा मुळात दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी फूल. फुलाकडे वळायला त्याला काही आठवडे साधारण 8 ते 12 अंशांची थंडी लागते, पण ती थंडी कोवळ्या रोपाला लागू पडत नाही. मान पेन्सिलीएवढी, म्हणजे 6 मिलिमीटरच्या आसपास जाड झाली की मगच रोप थंडीची दखल घेतं. बारीक तरू त्याच रात्री सोसतं आणि गड्डाच धरतं. 2013 साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी यामागची जनुकं दाखवून दिली. एकाच कुळातली ही जनुकं, पण एक थंडीनंतर फुलाकडे नेतं, दुसरं दिवस मोठा झाला की गड्डा धरायला लावतं. आमच्या शेतात पहिलं आधी जागं झालं होतं.

बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथं चांगल्याच गार. या शेतकऱ्यानं बाजार लवकर धरायला सप्टेंबरातच तरू टाकलं. भातकापणी पावसात अडकली, रान मोकळं होईना, आणि तरू दोन महिन्यांच्या वर वाफ्यातच जाडावत राहिलं. शेजाऱ्यानं महिनाभर उशिरा पेरलं होतं.

भरपाई मिळणार नाही, हे त्याला तोंडावर सांगणं जड गेलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "भात मी अडवून धरलं काय?" त्याचं खरंच होतं. पाकिटावर उगवणीचे टक्के होते, तरू किती दिवसांचं लावावं याची एक ओळ नव्हती. ती छापायलाच हवी, आणि विकताना तोंडानंही सांगायला हवी. मी हे पंचनाम्यात घालायला लावलं.

"मग निदान बी तरी धरतो," तो म्हणाला. त्याला मी ठाम नाही म्हटलं. पहिल्याच वर्षी फुललेल्या झाडाचं बी धरलं की तीच खोड पुढच्या पिकात उतरते. हे बी फुकट मिळतं म्हणून गावोगाव धरलं जातं आणि चांगला वाण हातचा जातो. बी धरायचंच तर बांधाकडच्या वाफ्यातले, डेंगळा न आलेले, बारीक मानेचे कांदे ठेवा आणि पुढच्या हिवाळ्यात लावा, असं सांगितलं. दांडे मोडून उपयोग नाही, आतला कणा तसाच राहतो. डेंगळ्याचे कांदे निवडून त्याच आठवड्यात बाजाराला काढायचे ठरलं.

आजीचा प्रश्न उरला होता. "म्हंजे जाड तरू टाकूनच द्यायचं?"

"नको. दाट लावा आणि थंडी सरायच्या आत पात म्हणून विका. गड्ड्यासाठी सहा-सात आठवड्यांचंच तरू घ्या, आणि भात कधी निघणार ते बघून मगच बी टाका."

तिनं ते लेकाला पावतीच्या मागं लिहून घ्यायला लावलं.