खापरपणजीचं माहेर आणि ओहायोतली ती कचेरी

ओहायोतल्या ज्या काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) हे लिहितेय तिचं नाव देत नाही. द्यायला हात शिवशिवतायत, पण तिथे माझं अजून काम बाकी आहे. एवढंच सांगते, की नवऱ्याच्या घराण्यातल्या खापरपणजीचं माहेर शोधताना तिच्या मुलांच्या पालकत्वाचे कागद मी मागितले, तेव्हा तिथल्या प्रोबेट कोर्टाच्या (वारसा आणि पालकत्व बघणारं कोर्ट) कचेरीनं 'असं प्रकरण आमच्याकडे नाही' असं मला पत्रानं कळवलं, फोनवर सांगितलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा तोंडावरही सांगितलं. प्रकरण तिथेच होतं.

आम्ही आयोवात राहतो. नवऱ्याचं घराणं इथलंच, शेतकरी. सासरे शेतीतून मोकळे झाले तेव्हा त्यांनी जुन्या फोटोंचा आणि चिठ्ठ्यांचा एक खोका काढला. त्यात त्यांच्या आत्यानं लिहून ठेवलेलं, 'आपले लोक ओहायोहून आले'. बस, एवढंच. मुलांना त्यात काडीचा रस नव्हता, म्हणून खोका सुनेकडे आला. मला मात्र हौस होती. माझ्या माहेरी त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतून उतरवून आणलेली वंशावळ आहे. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. इथे तर सरकार १७९० पासून दर दहा वर्षांनी माणसं मोजतंय.

१९५० पासून १९०० पर्यंत मागे जाणं सोपं आहे, त्याबद्दल काही लिहीत नाही. (१९५० च्या पुढचं शोधू नका. जनगणनेतले घराघरांचे तपशील ७२ वर्षं बंद असतात. १९५० चे २०२२ मध्ये खुले झाले.) मग येतं १८९०, आणि ते जवळजवळ नाहीच. वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये आग लागली, कागद जळाले, भिजले, आणि जे उरले ते काही वर्षांनी सरकारी परवानगीनं नष्ट केले गेले. सबंध देशातली मिळून सहा हजारांच्या आसपास नावं वाचली. आयोवानं १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःची जनगणना केली होती म्हणून आमचं भागलं. ज्यांची माणसं आयोवात १९२५ पर्यंत होती त्यांनी तर आधी १९२५ ची राज्याची जनगणना उघडावी. तिच्यात प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं विचारली आहेत, आईच्या माहेरच्या आडनावासकट. आमचे पणजोबा त्याआधीच गेले आणि त्यांची भावंडं तोवर नेब्रास्का-डकोटाकडे पांगली होती. नाहीतर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

पणजोबा म्हणजे सासऱ्यांचे पणजोबा, जन्म १८६२. १८७० च्या यादीत ते आयोवात आईवडील आणि भावंडांबरोबर दिसतात, सगळ्यांचं आडनाव एकच, जे आज आमच्या टपालपेटीवर आहे तेच. १८८० च्या यादीत तेच घर, तीच माणसं, आणि पणजोबांच्या नावापुढे 'सावत्र मुलगा'. आडनावही निराळंच. घरातल्या कुणाचं कुटुंबप्रमुखाशी काय नातं हे लिहिण्याचा रकाना १८८० मध्ये पहिल्यांदा आला. त्याआधीच्या याद्यांत एका छपराखाली राहणारी माणसं फक्त एकाखाली एक लिहिली आहेत, आणि आडनावाच्या जागी बहुतेक वेळा नुसती रेघ ओढली आहे. तेव्हा १८५० ते १८७० च्या यादीतली मुलं घरमालकाचीच असं कुणीही धरून चालू नये.

म्हणजे आम्ही ज्या आडनावानं ओळखले जातो ते मुळात सावत्र बापाचं. सासऱ्यांना हे सांगायला मी दोन दिवस घेतले. ते शांतपणे म्हणाले, "मग तिचा पहिला नवरा कोण? आणि ती कुणाची?" ती म्हणजे पणजोबांची आई, खापरपणजी.

पहिला नवरा सापडला. १८८० मधलं निराळं आडनाव आणि मोठ्या भावंडांची नावं-वयं धरून ओहायोची १८६० ची यादी चाळली, तिथे हे कुटुंब होतं. पुढे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या यादीत, ओहायोच्या एका पायदळ रेजिमेंटमध्ये, त्याचं नाव मिळालं. १८६४ मध्ये लष्करी इस्पितळात तापानं गेला. त्या युद्धात गोळीपेक्षा आजारानं जास्त माणसं गेली.

पण 'ती कुणाची' इथे गाडं रुतलं. ओहायोत जन्म-मृत्यूची नोंद काउंटीत १८६७ पासून होऊ लागली, त्यामुळे तिचा जन्म कुठेच नाही, मुलांचेही नाहीत. थडग्यावर दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव. नेब्रास्कात वारलेल्या एका मुलीच्या मृत्युदाखल्यावर 'आईचं माहेरचं आडनाव' या रकान्यात चक्क पहिल्या नवऱ्याचं आडनाव लिहिलेलं. माहिती देणाऱ्या जावयाला तेवढंच ठाऊक असणार. लग्नाची नोंद त्या काउंटीच्या सूचीत नव्हती. आणि ऑनलाइन लोकांनी चढवलेल्या वंशावळींत तिला एका भलत्याच घराण्यात ढकललेलं, पुरावा शून्य. एकानं लिहिलं की वीस जण उतरवून घेतात.

मग पालकत्वाची कागदपत्रं. हे मला आधी माहीत नव्हतं आणि बाई म्हणून वाचताना रागच आला. त्या काळी बाप गेला आणि मुलांच्या नावे काही मालमत्ता किंवा पैसा येणार असेल, तर आई जिवंत असूनही कोर्ट मुलांना कायदेशीर पालक नेमत असे, बहुतेक वेळा एखादा पुरुष नातेवाईक. सैनिकाच्या विधवेचं तर आणखीच. शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर पेन्शन, १८६६ पासून मुलामागे आणखी २. तिनं पुन्हा लग्न केलं की तिचं पेन्शन बंद, पण १६ वर्षांखालच्या मुलांना ते मिळू शकायचं, आणि ते घ्यायला पालक लागायचा. आमच्या बाईनं १८६६ मध्ये दुसरं लग्न केलं. म्हणजे पालकत्वाचं प्रकरण असायलाच हवं, ओहायोतल्या त्या काउंटीत.

इथून माझा आणि कचेरीचा संसार सुरू झाला.

ईमेल घेत नाहीत. कार्ड घेत नाहीत. पत्र, चेक, आणि परतीचा पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीट. शोधाची फी परत मिळत नाही, काही सापडो न सापडो. बऱ्याच आठवड्यांनी माझं पाकीट परत आलं, आत एक छापील कागद, 'आढळले नाही'वर खूण. कुठल्या नावानं शोधलं, कुठल्या वर्षांत शोधलं, काही नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, वडिलांच्या नावानं पाहिलं, नाही. मी म्हटलं, आईच्या? पुन्हा अर्ज करा. पुन्हा अर्ज, पुन्हा चेक, पुन्हा तीच खूण. मुलांच्या नावानं? पुन्हा अर्ज. एका अर्जावर एकच नाव चालतं, हे तेव्हा कळलं.

शेवटी गाडी काढली. आयोवाहून ओहायो म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाचं ड्रायव्हिंग. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि मान हलवली. मी विचारलं, यात कुठल्या सालापासूनची प्रकरणं आहेत? तो जरा थांबला, मग म्हणाला, विसाव्या शतकातली. मग एकोणिसाव्याची? ती रजिस्टरं खाली तळघरात आहेत, ती बघणारे गृहस्थ आठवड्यातून एकदाच येतात. आज नाही. आमच्याकडे तहसील कचेरीत 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून वाढलेली मी, मला तो सूर अगदी ओळखीचा वाटला.

गृहस्थ आले त्या दिवशी मी दार उघडायच्या आधीच पायरीवर. त्यांनी पालकत्वाचं जुनं सूचीचं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "नाव?" मी मुलांचं आडनाव सांगितलं. त्यांनी पान उलटलं, नाही म्हणाले. आईचं, नाही. वडिलांचं, नाही. मी काउंटरवरून मान लांब करून पाहिलं आणि विचारलं की या सूचीत नावं कुणाची लिहिली आहेत. "पालकाची," ते म्हणाले, जणू हे सगळ्या जगाला माहीत असतं. मुलांची नावं सूचीत नव्हतीच, फक्त पालकाचं नाव आणि प्रकरणाचा नंबर.

म्हणजे इतके दिवस त्या कचेरीत मुलांच्या, आईच्या आणि बापाच्या नावानं अर्ज स्वीकारले गेले, फी घेतली गेली, आणि ज्या सूचीत ती नावं असूच शकत नाहीत तिच्यात बघून 'आढळले नाही' लिहिलं गेलं. आणि पालक कोण हे मी कुठून सांगू? पालक बहुधा तिचा बाप किंवा भाऊ असणार, म्हणजे त्याचं आडनाव हेच तिचं माहेर. जे शोधायला आले ते आधी सांगितल्याशिवाय कागद निघणार नाही! १८६६ आणि १८६७ ची सगळी पालकत्वाची प्रकरणं उघडून बघू का, असं विचारलं. नाही. रजिस्टर हातात देता का? नाही. अर्ज करा, एका अर्जावर एक नाव.

त्या रात्री मोटेलमध्ये चिडून लॅपटॉप उघडला तेव्हा पेन्शनची कार्डं आठवली. यादवी युद्धाच्या पेन्शनांची सूची कार्डांवर आहे, मूळ कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पण कार्डांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या वेबसाइटवर फुकट दिसतात, फक्त खातं उघडावं लागतं. कार्डावर सैनिकाचं नाव, रेजिमेंट, आणि खाली तीन ओळी: जायबंदी सैनिक, विधवा, अल्पवयीन मुलं. आमच्या माणसाच्या कार्डावर विधवेच्या ओळीत तिचं नाव. मुलांच्या ओळीत मुलांचं नाव नाही, एका पुरुषाचं नाव आणि पुढे 'पालक'चं संक्षिप्त रूप. मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

सकाळी त्याच नावानं अर्ज केला. अर्ध्या तासात पुडकं समोर. तीन घड्या घातलेले कागद, विटलेल्या फितीनं बांधलेले. पहिल्याच अर्जात लिहिलेलं, पालक हा मुलांचा मामा. पुढे त्यानं दरवर्षी कोर्टाला दिलेला हिशेब: बूट, शाळेची पुस्तकं, डॉक्टर, कापड. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मिळालं ना?" मी 'हो, थँक्यू' एवढंच म्हटलं. बाकीचं मराठीत म्हटलं.

पडताळा मात्र घ्यावाच लागतो. पालक मामाच आहे असं लिहिलेलं नसतं, तर त्याचं आडनाव तिचंच, असं धरता आलं नसतं. माहेरचं आडनाव हाती आल्यावर शेजारच्या काउंटीत तिचं लग्न सापडलं. नवरदेवाच्या आडनावाचं पहिलंच अक्षर सूची करणाऱ्यानं चुकीचं वाचलेलं. आणि १८६० च्या यादीत हा मामा त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहत होता. म्हणून कुठलीही जनगणना बघताना आधीची दोन पानं आणि नंतरची दोन पानं उतरवून घ्या. त्या काळी माणसं आयोवाला गेली तीही शेजार बांधूनच.

सासऱ्यांच्या शेताला राज्याची 'सेंच्युरी फार्म'ची पाटी आहे, एकाच घराण्याकडे शंभर वर्षांहून जास्त असलेल्या शेतांना देतात ती. तिच्यावर सावत्र बापाचं आडनाव. मी विचारलं, आता? ते म्हणाले, "शेत त्यानं घेतलं, पोरांना त्यानं पोसलं. पाटी राहू दे." पण मामाचा हिशेब त्यांनी मोठा करून मागितला आणि स्वयंपाकघरात लावला, बुटांच्या किमतीसकट.

आठवेल तसं आणखी थोडं. ओहायोत प्रोबेट कोर्टं १८५२ पासून. त्याआधीची पालकत्वं कॉमन प्लीज कोर्टात, म्हणजे काउंटीच्या सर्वसाधारण कोर्टात बघा. सिनसिनाटीकडची माणसं असतील तर १८८४ च्या दंगलीत तिथलं कोर्ट जळालं आणि शिकागोचं १८७१ च्या आगीत, हे आधी लक्षात घ्या. मग चर्चच्या नोंदी आणि वर्तमानपत्रं. फॅमिलीसर्चवर हस्तलिखित कागदांतला मजकूर यंत्रानं वाचून शोधायची सोय अलीकडे झाली आहे. आमच्या काउंटीची बांधीव रजिस्टरं तिथे होती, सुटी पुडकी नव्हती, तरीही आधी तिथे बघा. आणि कुठल्याही कचेरीला फी पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुमची सूची कुणाच्या नावानं लावलेली आहे? उत्तर लेखी मागा.

पेन्शनची पूर्ण फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवायची असेल तर कार्डावरचे विधवेचा आणि मुलांचा असे दोन्ही नंबर द्या, नुसतं नाव नको. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा द्यायला लोकांनी घरच्या बायबलातली पानंसुद्धा फाडून जोडली आहेत. आमच्या फाइलीत सुइणीचं शपथपत्र निघालं, पणजोबांच्या जन्मतारखेसकट.