तुम्ही विचारलंत म्हणून: तो ताराच होता, हे मी कसं म्हणतो?

“तुम्ही तिथे होतात का?” उडत्या तबकडीची हकीकत ऐकून मी व्याध ताऱ्याचं किंवा शुक्र ग्रहाचं नाव घेतलं की हे विचारलं जातं. नव्हतो. पण कुठल्या रात्री किती वाजता कोणता तारा कुठे असतो, हे गणिताने सांगता येतं. त्याला माझी साक्ष लागत नाही.

तुम्ही खोटं बोलताय, असं मी कधीच म्हटलेलं नाही. लाल, हिरवा, निळा रंग भराभर बदलत होता ना? बदलतच होता. क्षितिजालगत असताना व्याधाचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, गरम-थंड हवेत सारखा इकडेतिकडे वळतो, प्रत्येक रंग थोडा वेगळा. तारा इतका तेजस्वी, की ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. जागच्या जागी हलत होता? काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा वाटतो. मलाही वाटतो.

मावसभावाचं मात्र मनातून जात नाही. हिवाळ्यातल्या एका रात्री तो बायकोमुलांना घेऊन गाडीने येत होता. झाडांच्या वर एक दिवा सोबत धावत होता. याने वेग वाढवला, दिव्यानेही वाढवला. हा थांबला, तोही थांबला. मुलं रडायला लागली. त्याने तिथूनच मला फोन केला. मी दिशा विचारली. पूर्व-आग्नेय. वर तीन ताऱ्यांची ओळ आहे का? होती, मृग नक्षत्रातला बाण, रोख बरोबर त्या दिव्याकडे.

“दादा, व्याध आहे तो. ८.६ प्रकाशवर्षं लांब. गाडी कितीही पळव, झाडं मागे पडतील, तो पडणार नाही.”

“म्हणजे मला एवढंही कळत नाही?”

“उद्या बघ. आजच्यापेक्षा चार मिनिटं आधी तिथेच असेल.”

त्याने पाहिलं, घराच्या गच्चीवरून. फोनवर आवाज कापत होता. “आलाय. घरापर्यंत आलाय.”

मी पुरावा म्हणून दिलं, ते त्याच्यासाठी पाठलाग ठरलं. आता आमच्यात हा विषय निघत नाही.

पूर्वी मला वाटायचं, भीती अज्ञानातून येते, नाव कळलं की जाते. आज तसं म्हणवत नाही. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांना कित्येक महिने असे दिवे दिसत होते, टेहळणीची ड्रोन वाटत होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी छडा लावला तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. त्या जवानांना अडाणी कोण म्हणेल?

घरचे म्हणतात, त्या रात्री आधी दादाला धीर द्यायचा, तारा नंतर सांगायचा. मला अजून पटत नाही. मुलं रडत असताना, तो दिवा तुमचं काहीही करू शकत नाही, याहून मोठा धीर कोणता? दादाला तो धीर वाटला नाही, हेही मी ऐकलंय. प्रत्येक दिवा तारा असतो, असा माझा दावा नाही. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची सांगा, मी शोधून पाहीन. आणि व्याध निघाला तर व्याधच म्हणेन.