पणजोबांची कबर शोधताना

दफनभूमीत पोचल्यावर आधी कबरींकडे जाऊ नका, फाटकाजवळच्या कचेरीत जा. तिथल्या दफन नोंदवहीत विभाग, रांग आणि कबरीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो हाताशी नसेल तर झिजलेल्या दगडांमध्ये दिवसभर वणवण करावी लागते. नोंदवही कोणत्या वारी आणि कोण दाखवतं, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवा. काही ठिकाणी जुन्या वह्या चर्चकडे किंवा सरकारी अभिलेखागारात गेलेल्या असतात.

पणजोबा नेमके कधी गेले हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याच्या आठवणीत ‘पहिल्या लढाईच्या सुमारास’ एवढंच होतं, म्हणून १९१४ पासूनची पानं चाळायला घेतली. आडनाव लिहिण्याच्या जितक्या तऱ्हा सुचल्या तितक्या शोधल्या, कारण कारकून कानावर पडेल तसं लिहायचे. नाव सापडलं १९१८ च्या ऑक्टोबरात. त्या महिन्यात पानं भराभर भरलेली, अक्षर घाईचं, आणि कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ इन्फ्लुएन्झा. आत्या वहीवर वाकून म्हणाली, “एवढी माणसं एका महिन्यात?” साथीची दुसरी, सर्वांत जीवघेणी लाट जगभर त्याच सुमारास आली होती. तुमच्या घरातलं कुणी ‘तापानं’ गेल्याचं ऐकिवात असेल, तर ते महिने आधी तपासा.

क्रमांक मिळाला तरी दगड लगेच वाचता येईल असं नाही. संगमरवर पावसानं विरघळत जातो. शंभर वर्षांत अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात. पाटीच्या दगडावरची, म्हणजे स्लेटवरची अक्षरं त्याहून कितीतरी जास्त टिकतात. आमच्या दगडावर भर दुपारी काहीच दिसेना. मग मोठा आरसा बाजूला धरून उन्हाची तिरीप दगडाला घासून जाईल अशी टाकली. खाचांत सावली भरली आणि ‘वय ५४ वर्षे ३ महिने’ वाचता आलं. त्यातला चार बराच वेळ एकासारखा दिसत होता. मृत्यूच्या तारखेतून वय वजा केलं की जन्माचा महिना मिळतो, मात्र तो पक्का समजू नका. दगड पुष्कळदा काही वर्षांनी, आठवणीवर बसवतात.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, दाढीचा फेस, ब्लीच, तारेचा ब्रश यांतलं काहीही वापरू नका. अशा सल्ल्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि ते पाहून माझं डोकं फिरतं. दगडफूल खरवडलं तर दगडाचा पापुद्राही निघून येतो. परवानगी असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. उभ्या दगडाला टेकू नका. पाया सुटलेले दगड पडून माणसं दगावली आहेत. पायात बंद बूट हवेत, गवतात काय असेल सांगता येत नाही.

फोटो काढताना आधी पूर्ण दगड, मग मजकूर, मग शेजारच्या कबरींसह सगळी रांग घ्या. मजकूर चुकांसकट जसाच्या तसा तिथेच उतरवा. शेजाऱ्यांना वगळू नका, कारण पुष्कळदा नातेवाईक जवळजवळ पुरलेले असतात. पणजोबांच्या डावीकडच्या बाईंच्या दगडावर पणजीचं माहेरचं आडनाव निघालं, जे आजवर कुठल्याही कागदात नव्हतं. ज्यांच्यावर दगडच नाही त्यांची जागा दोन्ही बाजूंच्या क्रमांकांवरून मोजून काढता येते.

प्रवासाआधी फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्ह्ज ही कबरींच्या नोंदींची संकेतस्थळं जरूर पाहा. कुणी तरी फोटो आधीच टाकलेला असू शकतो. दोन्ही महायुद्धांत राष्ट्रकुलाकडून लढताना गेलेला सैनिक असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट शोधता येते, आणि कबर सापडली नसलेल्यांची नावं कोणत्या स्मारकावर आहेत तेही त्यात कळतं.

आता वयावरून निघालेलं साल आणि ते माहेरचं आडनाव घेऊन १८६० च्या दशकातली बाप्तिस्मा नोंदवही पाहायची आहे.