हसलेला अनारसा

आमच्या फ्रिजवर दिवाळीची यादी लागते ती घट बसायच्या आधीच. वहीचा उभा कागद चुंबकाखाली अडकवलेला असतो. त्यावर माळा, पडदे, भाजणी, रांगोळीचे रंग, पणत्या (मागच्या आहेत का बघणे), आणि सगळ्यात खाली, दरवर्षी, वेगळ्या शाईत : 'या वर्षी जास्त काही करायचं नाही.' हा शेवटचा मुद्दा सोडून बाकीचे सगळे पार पडतात.

२०२५ मध्ये तर दिवाळीने फसवलंच. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, या वर्षी २१ ऑक्टोबरला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, तेव्हा अधिक महिना येईपर्यंत सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकणारच; हे शाळेत शिकलेय मी. पण शाळेत शिकलेलं पटतं, तरी ते अकरा दिवस परत मिळत नाहीत. शिवाय हा मुंबईचा ऑक्टोबर. ज्योत फडफडते म्हणून स्वयंपाकघरातला पंखा बंद, पुढ्यात कढई, आणि चकली कुरकुरीत राहावी म्हणून आपण मऊ पडायचं.

आदल्या रविवारी फक्त खसखस आणायला म्हणून दादरला गेले. (घराखालच्या वाण्याकडेही मिळते, पण दिवाळीत दादरला गेलं नाही तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.) रानडे रोडवर त्या दिवसांत आपण चालत नाही, गर्दी चालवते. ती मला आधी तोरणांपाशी घेऊन गेली, मग कंदिलांपाशी, मग पाच मिनिटं एका मॅक्सीवाल्यासमोर उभं केलं. घरी पोचले तेव्हा पिशवीत दोन तोरणं, एक कंदील, उटण्याची सहा पाकिटं होती. खसखस नव्हती. ती शेवटी वाण्याकडूनच आणली, त्याने सांगितलेल्या भावाने, घासाघीस न करता.

खसखस अनारशांसाठी. चकली बिघडली तर दोष पटकन सापडतो : मोहन जास्त झालं की ती तेलात विरघळते, कमी झालं की दातांची परीक्षा घेते. अनारशाचं मात्र सगळं आधीच ठरलेलं असतं. दसऱ्याची आपट्याची पानं अजून देव्हाऱ्यात असतात तेव्हा तांदूळ भिजत घालायचे. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग निथळून सावलीत पंच्यावर पसरायचे, दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून मळून डब्यात दडपून ठेवायचे. त्या डब्यात पुढचे काही दिवस काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. कळतं ते एकदम तुपातच.

तर धनत्रयोदशीची रात्र, शनिवार, अकरा वाजलेले. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वाती वळत बसलेल्या. नवरा दर अर्ध्या तासाने दारात येऊन "मी काय करू, सांग" म्हणत होता. विचारतो, हे चांगलंच. पण सांगण्याचं काम परत माझ्याकडेच येतं, आणि ते यादीत लिहिलेलं नसतं. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा, खसखस वर ठेवून, मी तुपात सोडला. क्षणभर छान जाळी पडतेय असं वाटलं. मग तो कडेने सैल झाला, मधोमध फाटला, आणि बघता बघता कढईभर पसरला. खसखस तुपावर तरंगायला लागली.

"हसला?" टेबलाकडून आवाज आला. त्यांनी मानही वर केली नव्हती.

"हसला, आई."

"गूळ जास्त झालाय. थोडी तांदळाची पिठी घाल."

"कोण हसलं?" लेकीने कानातला इअरफोन काढून विचारलं.

आता एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? दूध नासतं, भाजी खाली लागते, भाकरी करपते. बिघडलेल्या पदार्थांसाठी आपल्या भाषेत एकाहून एक दुर्मुखलेली क्रियापदं. अनारसा तेवढा हसतो. ज्या बाईने हा शब्द पहिल्यांदा वापरला तिला कढईसमोर रडू येत होतं, याबद्दल मला शंका नाही.

मलाही येतच होतं. पण नेमकी गिरगावातली चाळ आठवली. तिथे नियम पक्का होता : धड अनारसे पाहुण्यांच्या डब्यात, हसलेले पोरांच्या वाटीत. त्यामुळे आई स्टोव्हसमोर घाम पुसत देवाचं नाव घ्यायची, तेव्हा दाराआड मी आणि भाऊही देवाचंच नाव घेत असू, नेमकं उलट मागण्यासाठी. पहिला अनारसा हसला की आई कपाळाला हात लावायची आणि आम्ही एकमेकांना कोपर मारायचो. शेजारच्या काकू येऊन "मला विचारायचंस ना आधी" म्हणून जायच्या. चाळीत एकोपा होता म्हणतात. होता, पण मदतीबरोबर शेरेही फुकट मिळायचे. देव बहुधा आमचंच ऐकत असावा. वाटीत तुपाने ओथंबलेला गुळमट चुरा, मधेच दाताखाली येणारी खसखस. आईने त्यातला चमचाभर तरी कधी खाल्ला का, हे मला आज आठवत नाही.

मी पिठात पिठी मळली. तोवर झाऱ्याने काढलेला चुरा लेकीने उभ्याउभ्या चाखला आणि "आई, हा मुद्दाम असाच कर ना" म्हणाली. मुद्दाम केला तर तो हसणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या. गॅस बंद केला, पंखा लावला. 'मी काय करू' म्हणणाऱ्याने न सांगता चार चमचे आणले, आणि आम्ही ताट मधे घेऊन तो चुरा पार संपवला. चकल्यांचं पीठ भिजवायचं राहिलं. यादीतल्या त्या ओळीवर मी दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ मारली. चकल्या विकत आणल्या होत्या.

भाऊबीजेला भाऊ डोंबिवलीहून आला. मी ताटलीत करंजी, चिवडा आणि पिठी घातल्यानंतरचे दोन अनारसे ठेवले, गोल, जाळीदार, डब्यात शोभणारे. त्याने ताटली फिरवून बघितली.

"हे पाहुण्यांचे झाले. आपले कुठायत?"

शनिवारीच संपले, म्हटलं. ओवाळून होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.