‘कच्चा’ या एका नोंदीखालचे तीन रस्ते

अमरावती जिल्ह्यातील ग्रामीण रस्त्यांचा डिजिटल नकाशा तयार करताना आम्हाला रस्त्यासाठी ‘पक्का’ आणि ‘कच्चा’ असे दोनच पर्याय दिलेले होते. उपग्रहचित्रात डांबर दिसले नाही की नोंद ‘कच्चा’ अशी पडे, आणि ज्याची केवळ आखणी मंजूर झाली आहे असा रस्ताही जुन्या यादीतून त्याच नोंदीखाली येऊन बसे. ही यादी जागेवर पडताळण्यासाठी आम्ही भर जुलैत दर्यापूर तालुक्यात गेलो.

पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. उन्हाळ्यात भेगाळून टणक होणारी ही माती पाणी पिऊन फुगते आणि चांगला पाऊस झाला की ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो. नकाशातल्या पहिल्या ‘कच्च्या’ रस्त्यावर मुरूम टाकून दबाई केलेली असल्याने जीप विनासायास गेली. पुढची मात्र पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट होती: दोन्ही बाजूंना बाभळी, मधल्या चाकोऱ्या पाण्याने तुडुंब भरलेल्या, आणि बुटांना चिकटणारा चिखल एवढा की थोडे चालले की थांबून तो काठीने खरवडावा लागे. पावसाळ्यात या वाटेने रुग्णाला बाजेवरून न्यावे लागते, असे बरोबरचे कोतवाल सांगत होते. तिसऱ्या ठिकाणी सोयाबीन उभे होते. कोतवाल म्हणाले, “साहेब, इथं रस्ता कधी नव्हताच. मोजणीचे दगड तेवढे रोवले हायेत.”

कार्यालयात परतल्यावर ‘कच्चा’ऐवजी ‘अविकसित’ लिहावे, अशी सूचना आली. मी तिला ठाम विरोध केला, कारण त्या शब्दाखालीही मुरमाचा रस्ता आणि सोयाबीनचे शेत एकत्रच राहिले असते. रस्ता अस्तित्वात आहे का, तो कशाचा आहे आणि त्यावरून वाहन केव्हा जाते, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरही प्रस्तावित रस्ता, काम सुरू असलेला रस्ता आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या नोंदी निरनिराळ्या होतात. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही बारमाही रस्ता डांबरीच असावा अशी अट नाही. पाण्याचा निचरा होत असेल आणि आवश्यक तेथे मोऱ्या असतील, तर मुरमाचा रस्ताही बारमाही ठरू शकतो.

शेवटी आम्ही ‘कच्चा’ हा पर्यायच काढून टाकला. स्थितीच्या रकान्यात ‘प्रस्तावित’, ‘काम सुरू’ आणि ‘वापरात’, तर पृष्ठभागाच्या रकान्यात माती, मुरूम, खडी, डांबर आणि काँक्रीट हे पर्याय ठेवले; ‘बारमाही’ की ‘फक्त उघाडीत’ याचा रकाना स्वतंत्र केला. प्रस्तावित रस्ते मार्ग सुचवणाऱ्या जाळ्यातून वगळले. उघाडीचा रकाना मात्र उपग्रहचित्रावरून भरता येत नाही. तो गावकऱ्यांना विचारूनच भरायचा, असे ठरले आणि त्या पावसाळ्यातच उरलेल्या पांदणींची पाहणी हाती घेतली.