रावबहादूर बोले यांचा ठराव नेमका कुठे अडला?

दादरच्या एस. के. बोले रोडवरून रोज हजारो लोक जातात, पण सीताराम केशव बोले कोण, हे विचारलं तर बरेच जण गप्प. मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळातले हे सभासद, भंडारी समाजातले. 1909 च्या कामगार हितवर्धक सभेतही त्यांचा हात होता.

4 ऑगस्ट 1923 ला त्यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. आता बारकावा बघा. ठराव म्हणजे कायदा नव्हे, सरकारला केलेली शिफारस. सप्टेंबरात सरकारने खात्यांना तसं कळवलं, पण पाणवठे बहुतेक नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात. त्यांनी ऐकलं नाही तर काय, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला खरा, तळ्यावर मात्र कोणाची जायची हिंमत होईना.

बोलेंनी ही फट बरोबर हेरली. ऑगस्ट 1926 मध्ये दुसरा ठराव आणला: जी संस्था अंमल करणार नाही तिचं अनुदान बंद. माझ्या मते पहिल्यापेक्षा हाच जास्त धारदार. तरीही महाडचं पाणी प्यायला 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टात महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठरावच मागे घेतला, आणि तळ्याचं प्रकरण कोर्टात 1937 पर्यंत रेंगाळलं.