चिमुकल्या बँटम पिल्लांची ऊब

घरी इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवण्याच्या यंत्रात) बँटम म्हणजे लहान चणीच्या कोंबडीची अंडी प्रथमच उबवताना मला सर्वांत कठीण गेले ते झाकण न उघडणे; कारण 18व्या दिवसानंतर अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवावी लागते आणि झाकण उघडताच ती घटून कवचाखालचा पापुद्रा पिल्लाभोवती आवळला जाऊ शकतो. एरवी कोंबडीच्या पिल्लांना 21 दिवस लागतात. बँटम अनेकदा थोडी आधीच बाहेर येतात. ती इतकी लहान असतात की पाण्याच्या उथळ भांड्यातही बुडू शकतात, म्हणून त्यात खडे घालणे मी अनिवार्य मानतो. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे ती हळूहळू कमी करता येते. मात्र तापमापकापेक्षा माझा विश्वास पिल्लांच्या वागण्यावर अधिक आहे, कारण थंडी वाजली की ती ऊब देणाऱ्या दिव्याखाली दाटीवाटीने चिवचिवतात आणि उकडले की चोच उघडून कडेला सरकतात.